आधी त्याचं, मग आजीचं

दोन सल्ले आणि त्यांतली एकच चूक

चवथ किंवा दिवाळी तोंडावर आली की लहान मूल असलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: बाजाराला जाताना पोराला न्यायचे की शेजारी ठेवायचे? त्यावर दोन ठरलेली मते आहेत. एक मत दमलेल्या माणसांचे. पोर बरोबर असले की दर दुकानापुढे अडते, मागते, रस्त्यात लोळण घेते, आणि पाच साड्या उलगडून बघायच्या तिथे पहिलीच गुंडाळून घ्यावी लागते; तेव्हा घरीच बरे. दुसरे मत शहाण्यांचे. मुलाला न्यावेच, म्हणजे त्याला पैशाची किंमत कळते, ‘नाही’ ऐकायची सवय होते, संयम अंगी येतो.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात, आणि तीही एकाच कारणाने. दोन्ही पक्षांच्या लेखी मूल म्हणजे एक छोटे गिऱ्हाईक. एकाला ते दुकानापासून लांब ठेवायचे आहे, दुसऱ्याला त्याला वळण लावायचे आहे. सणाची खरेदी तर बहुतांशी स्वतःसाठी नसतेच. बहिणीची साडी, भाच्याचा सदरा, नव्याने सासरी गेलेल्या मुलीकडे चवथीला पाठवायचे वजे, आईला शाल. त्या दिवशी बाजारात गेलेला मोठा माणूस देणारा असतो. त्याच्या बोटाला धरून चाललेल्या मुलाला मात्र त्या देण्यात काहीच काम नसते.

लहान मुलाला सणाच्या बाजारात न्यायचे तर देणारे म्हणून न्यावे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते देणारे व्हायला हवे असेल तर त्याची स्वतःची वस्तू आधी त्याच्या हातात पडलेली असावी. पहिल्या वाक्याला कुणी हरकत घेणार नाही. दुसरे वाक्य आपल्या घरोघरच्या शिकवणीच्या उलट जाते. वाद तिथेच आहे, म्हणून लेखाचा बराच भाग मी त्यावर खर्च करणार आहे.

सुप्याचा बाजार पाण्याखाली गेल्यावर

हा वाद पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये घालण्यापेक्षा जोयडा तालुक्यात घातलेला बरा, कारण तिथे बाजाराला जायचे म्हणजे अजून खरोखर जावे लागते. उत्तर कन्नडमधला हा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणूनच ओळखला जाई. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे सुपा हे तालुक्याचे गाव. गणेशगुडीजवळ काळीवर 101 मीटर उंचीचे धरण 1987 साली पुरे झाले, सुपा पाण्याखाली गेले, कचेरी जोयड्याला आली आणि उठलेल्या माणसांपैकी अनेकांना रामनगरला वसवले. उन्हाळ्यात पाणी खूपच उतरले तर जुन्या गावाचे अवशेष वर दिसतात. तालुक्याचा मोठा भाग जंगल आहे, त्यातले बरेचसे काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला तीसहून कमी माणसे. अशा ठिकाणी कोपऱ्यावर दुकान नसते. कापड, खेळणी, भांडी घ्यायची तर दांडेली, रामनगर, लोंढा, खानापूर. लग्नसराईसारखी मोठी खरेदी असली तर बेळगाव. मूल बरोबर घेणे म्हणजे घाटरस्त्याच्या बसमध्ये त्याला मांडीवर घेणे, त्याची उलटी, त्याची झोप, त्याची भूक, आणि परतीची शेवटची बस चुकण्याची धास्ती. तिथल्या आईला ‘मुलाला न्या, संस्कार होतात’ असे सांगायचे असेल तर सांगणाऱ्याकडे जरा भक्कम कारण हवे.

ते कारण मला तिथल्याच जुन्या व्यवहारात सापडते. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला फळे, भाज्या, रानातल्या वेली बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात, कारवारकडे फळावळ. सुपारीचे कात्रे, नारळ, तवशी, चिबूड परसातून येतात. कवंडाळ, कांगल्या यांच्यासाठी रानात जावे लागते. पैसे न लागणारी ही सणाची खरेदीच होय, आणि तिच्यात मुले बरोबर असणे गृहीत धरलेले असते. कुठल्या वळणावर कवंडाळाची वेल आहे हे पुष्कळदा त्यांनाच आधी ठाऊक असते. तिथे मूल अडून बसत नाही. रान गप्प असते म्हणून नव्हे. आणायचे ते देवासाठी आहे आणि आणण्यातला एक वाटा आपला आहे, हे त्याला कळलेले असते म्हणून.

फराळाच्या ताटांचेही तेच. दिवाळीत झाकलेले ताट शेजारी पोचवणे हे मुलाचे काम. ख्रिस्ती घरांतून नाताळात नेऱ्या, दोदोल, बेबिंका घेऊन येणारी मुलेच असत. देणारे हात मुलाचे आणि वस्तू घरची, असा तो हिशेब होता.

आता ती वस्तू घरची राहिली नाही, दुकानातली झाली. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. रानातली कवंडाळे आणा नि प्लास्टिकला हात लावू नका, असे शहरात बसून सांगणे सोपे आहे, आणि बाजारातून आजीसाठी गरम शाल आणणारी सून चुलीवर चकल्या तळणाऱ्या सुनेपेक्षा कमी देते असेही नाही. पण या बदलात एक गोष्ट हातून निसटली, आणि तिची नोंद कुणी घेतली नाही: वस्तू दुकानातून येऊ लागली तेव्हा मुलाचा वाटा गेला. त्याच्यासाठी बाजारात उरली फक्त मागणाऱ्याची जागा.

रस्त्यात बसलेले मूल काय सांगत असते

मूल भर बाजारात रडते त्याला तीन कारणे असतात, आणि आपण तिन्हींना एकच नाव देतो: हट्ट.

पहिले कारण शरीराचे. तीन वर्षांच्या मुलाची उंची मीटरभराच्या आतबाहेर. सणाच्या गर्दीत त्याला दिसतात ते गुडघे, पिशव्या आणि मोटरसायकलींचे सायलेन्सर. ते तहानलेले असते, झोपेला आलेले असते. यावर तत्त्वज्ञान नको, पाणी आणि केळे हवे.

दुसरे कारण बाजाराचे. मोठ्यांच्या वस्तू फळीवर किंवा गादीवर मांडलेल्या असतात. पिपाण्या, भिंगऱ्या, टिकल्यांची पिस्तुले, चाव्यांच्या गाड्या रस्त्यावर अंथरलेल्या पोत्यावर, म्हणजे नेमक्या मुलाच्या नजरेच्या रेषेत. हा योगायोग नाही. मोठ्या दुकानांत गल्ल्याशेजारी चॉकलेटे ठेवतात तीही रांगेत अडकलेल्या पालकाला गाठण्यासाठीच. लहान मुलाला जाहिरात आणि माहिती यांतला फरक कळत नाही हे ओळखून कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1980 साली तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करण्यावर बंदी घातली. स्वीडनने 1991 मध्ये दूरचित्रवाणीवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या जाहिराती बंद केल्या. आपल्याकडेही 2022 साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर काही बंधने आणली. सरकारे ज्या माऱ्याला प्रौढांचा डाव समजतात, त्याला बळी पडलेल्या चार वर्षांच्या पोराला आपण मात्र एकटेच जबाबदार धरतो.

तिसरे कारण महत्त्वाचे आणि सहसा लक्षात न येणारे. मूल बघते की आई दर दुकानात काहीतरी घेते आहे आणि प्रत्येक वस्तूला एक नाव आहे. हे आत्याचे, हे काकूचे, हे बाळूदादाचे. ते वाट बघते. यादीत त्याचे नाव येतच नाही, किंवा येते ते ‘बघू’ म्हणून. मग ते पिपाणीसाठी भोकाड पसरते. त्या पिपाणीत त्याचा जीव असतोच असे नाही. घरी आणली की दुसऱ्या दिवशी ती पलंगाखाली जाते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. ‘या वाटपात मी कुठे?’ हा प्रश्न ते त्याला येत असलेल्या एकमेव भाषेत विचारत असते. आणि प्रश्न अगदी रास्त आहे. भावाभावांच्या वाटणीत हाच प्रश्न मोठी माणसे वकील लावून विचारतात.

तीन वर्षांचे मूल आणि आईसाठीची भेट

आता वादाच्या मुख्य जागी. आपली शिकवण सांगते: आधी दुसऱ्याला, मग आपल्याला. पंगतीत पाहुणे आधी, पेढा आधी देवाला. मोठ्यांच्या बाबतीत मला ही शिकवण प्रिय आहे. पण तीन-चार वर्षांच्या मुलाकडून तिची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या मनाची घडण न बघता त्याला परीक्षेला बसवणे.

क्रिस्टिना अटान्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2010 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना आईसाठी भेट निवडायला सांगितले. पुढे दोन प्रकारच्या वस्तू: एक मुलांना हवीशी वाटणारी, दुसरी मोठ्या माणसाच्या उपयोगाची. तीन वर्षांची मुले आईसाठीही स्वतःला आवडणारीच वस्तू उचलण्याकडे झुकतात, हे कुठल्याही आजीला माहीत होते. पुढचे मात्र नवे होते. ज्या मुलांची स्वतःची इच्छा आधी पुरी केली गेली, ती आईला शोभेल अशी वस्तू कितीतरी अधिक वेळा निवडू लागली. आईची आवड वेगळी असते हे त्यांना मुळात कळत होते. स्वतःची ओढ वाटेत उभी होती म्हणून ते कळणे उपयोगी पडत नव्हते.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मूल स्वार्थी असते आणि त्याला उदार करायचे असते, हे आपले गृहीतकच डळमळीत आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये दाखवले की दीड वर्षाची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू, कुणी न सांगता, उचलून देतात. 2012 च्या एका अभ्यासात दोन वर्षांखालची मुले खाऊ मिळाल्यापेक्षा देताना अधिक खुशीत दिसली, आणि स्वतःच्या वाट्यातला खाऊ दिला तेव्हा सर्वांत जास्त. देण्याची हौस मुलात उपजत असते. पण स्वतःच्या वाट्यातले द्यायला वाटा तर हवा! रिकाम्या हाताने दानशूर होता येत नाही, हे आपण राजे-रजवाड्यांबद्दल मान्य करतो आणि पोरांबद्दल विसरतो.

म्हणून क्रम उलटावा. बाजारात शिरल्यावर पहिल्या काही दुकानांतच मुलाची वस्तू घ्यावी: छोटी, आधी ठरवलेली, आणि त्याच्या हातात द्यावी. पिशवीच्या तळाशी टाकून ‘घरी गेल्यावर’ म्हणू नये; हातात नसलेली वस्तू त्याच्या लेखी मिळालेलीच नसते. नंतर त्याला विचारावे, आजीला काय घेऊया?

‘पुढच्या वेळी घेऊ’

यावर शहाणे म्हणतील, थांबायला कधी शिकवणार? वॉल्टर मिशेलच्या स्टॅनफर्डमधल्या त्या गाजलेल्या प्रयोगाचा दाखला पालकांच्या सभांमधून अजून दिला जातो: समोरची गोळी न खाता थांबलेले मूल पुढे यशस्वी होते. पण 2018 मध्ये हाच प्रश्न बऱ्याच मोठ्या आणि विविध घरांतल्या मुलांवर तपासला, तेव्हा तो संबंध पुष्कळ क्षीण निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातला बराचसा गळून गेला. त्याआधी, 2013 मध्ये, रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी बोचरी गोष्ट दाखवली होती. ज्या मुलांना मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव होता ती सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता ती तीन मिनिटे.

म्हणजे थांबणे हा मुलाच्या चारित्र्याइतकाच आपल्या शब्दाचा भाग आहे. ‘पुढच्या वेळी घेऊ’ हे मराठी पालकांचे सर्वांत लाडके वाक्य, आणि ते बोलताना पुढची वेळ कुणाच्याच मनात नसते. मुलाला हे दोन-तीन फेऱ्यांत समजते. मग ते आत्ताच, इथेच, रस्त्यात बसून मागते, कारण उधारी बुडते हे त्याने शिकलेले असते. ज्याला आपण अधीरपणा म्हणतो तो पुष्कळदा अनुभव असतो.

निवडायला किती द्यावे

‘मुलाला निवडू द्या’ हेही अलीकडे घोषवाक्य झाले आहे आणि तेही अर्धवटच आहे. भांड्यांच्या दुकानात नेऊन ‘आजीला काय हवं ते घे’ म्हटले तर मूल सर्वांत चकचकीत वस्तूकडे जाईल किंवा गोंधळून रडेल. निवड दोन वस्तूंतली असावी आणि ज्याला द्यायचे तो माणूस मुलाच्या रोजच्या पाहण्यातला असावा. मुंबईच्या न पाहिलेल्या काकांसाठी त्याला काही सुचणार नाही. आजीबद्दल त्याला जे ठाऊक असते ते मात्र आपल्याला नसते. कंगव्याचे दात पडले आहेत, पानाची चंची उसवली आहे, पावसात वीज गेली की ती चाचपडत न्हाणीत जाते. मग कंगवा की बॅटरी? हा प्रश्न तीन वर्षांच्या डोक्याला झेपतो, आणि तो सोडवताना मूल प्रथमच दुकानात उभे राहून दुसऱ्या कुणाचा तरी दिवस डोळ्यांपुढे आणते. निवडलेली वस्तू मग त्यानेच उचलावी. बसमध्ये त्याच्याच मांडीवर असावी, जड असली तर अर्धी आपल्या हातात.

तीन वर्षांखालच्या मुलाबद्दल माझा काही आग्रह नाही. त्याला शेजारी ठेवावे, झोपू द्यावे.

आक्षेप

‘ही तर लाच झाली.’ नाही. ‘गप्प राहिलास तर गाडी घेईन’ ही लाच. तिने उलटेच होते: वार्नेकेन आणि टोमासेलोंनीच 2008 साली दाखवले की मदतीबद्दल खेळणे बक्षीस मिळालेली मुले पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. मी म्हणतो ती वस्तू कशाच्याही बदल्यात नाही. घरच्या यादीत जसे आत्याचे नाव आहे तसे त्याचे आहे. रडले तरी मिळेल, हसले तरी मिळेल, आणि एकच मिळेल. अट नसल्यामुळे सौदाही होत नाही. दुसऱ्या गाडीसाठी ते रडणारच नाही अशी हमी मी देत नाही. रडले तर रडू द्यावे. तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्या आईच्या बाजूने निदान न्याय असतो.

‘हे परदेशी प्रयोग, मोजक्या मुलांवरचे.’ हा आक्षेप वजनदार आहे. रोचेस्टरच्या प्रयोगात 28 मुले होती, आणि कुणबी वाडीवरच्या मुलाला वाटा या गोष्टीची समज तिथल्या मुलाहून वेगळी असू शकते. चुलत-मावस भावंडांच्या गोतावळ्यात वाढलेले मूल वाटून खाण्यात पुष्कळ पुढे असते. म्हणूनच मी केवळ प्रयोगांवर विसंबलेलो नाही. माटोळीसाठी रानात जाणारे मूल हा माझा पुरावा आधीचा आहे. प्रयोगांनी त्याला भाषा दिली.

‘ज्यांच्याकडे यादीतल्या सर्वांना पुरेल एवढे पैसे नाहीत त्यांनी काय करायचे?’ सर्वांत खरा आक्षेप हाच. रोजगारावर जगणाऱ्या घरात चवथीच्या बाजारात तेल-गूळच घेतात, आणि मुलाच्या वाट्याला फुगाही जड जातो. त्या आईला ‘आधी त्याचं’ हे सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढेच म्हणता येते की क्रम किमतीवर अवलंबून नसतो. एक चिक्कीसुद्धा पहिली हातात पडली तर वाटा होतो. आणि गंमत अशी की उपदेशाची गरज अशा घरांना कमीच असते. ज्या घरी मुलासाठी दहा वस्तू येतात आणि आजीसाठी वस्तू कोण निवडते हे कुणालाच माहीत नसते, तिथे ती खरी गरज आहे.

‘आता सगळे मोबाइलवरून येते, बाजार हवाच कशाला?’ पार्सल जोयड्यापर्यंतही येते, आणि घाटातली बस वाचते हे मी नाकारत नाही. पण पार्सलमध्ये मुलाला एकच गोष्ट दिसते: खोके उघडले की वस्तू निघते. कुणी निवडली, कुणासाठी, काय बाजूला ठेवून, हे सगळे आईच्या अंगठ्याने रात्री, ते झोपल्यावर उरकलेले असते. मागवायचेच असेल तर त्याला जागे असताना मांडीवर घेऊन मागवावे. कंगवा की बॅटरी हा प्रश्न पडद्यावरही विचारता येतो.

आणि बाप कुठे आहे? मुलासह खरेदीची सारी चर्चा आईला उद्देशून चालते, मीही वर तेच केले. एक माणूस साडीचा भाव करत असताना दुसऱ्याने मुलाजवळ बसावे, यासाठी कुठला अभ्यास लागत नाही.

घेणाऱ्याचे काम

एवढे करूनही सगळे एका वाक्याने वाया जाऊ शकते, आणि ते वाक्य बहुधा प्रेमानेच उच्चारले जाते. मूल बॅटरी पुढे करते आणि आजी म्हणते, “कशाला रे पैसे घातले? मला म्हातारीला काय करायची!” मोठ्या माणसाला यातला संकोच आणि आनंद दोन्ही ऐकू येतात. मुलाला फक्त शब्द ऐकू येतात: नको होती. त्यात भर म्हणजे आई पुढे सरकते, “त्यानं नाही, मी घेतली,” आणि कौतुक भलतीकडेच जाते. मग बॅटरी खोक्यासकट फडताळात, ‘चांगली आहे, राहू दे’ म्हणून.

आजीने ती त्याच रात्री वापरायला घ्यावी. लाइट असला तरी. सेल संपले की त्यालाच सांगावे, म्हणजे पुढच्या बाजाराला जाताना त्याच्याकडे एक काम असेल.